महाकाय गंगाफळाच्या वेलीवरील खोडकूज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत लाल भोपळ्याला गंगाफळ म्हणतात. भाजीसाठी लावलेली त्याची वेल बांधावर किंवा उकिरड्याच्या कडेलाही फारशी देखभाल न करता वाढते. मात्र हौसेने महाकाय जातीचे बी मिळवून शंभर किलोंच्या पुढचे फळ धरू पाहणाऱ्या शेतकऱ्याची पहिल्याच हंगामात खोडकुजीशी गाठ पडते, आणि बहुतेक वेळा ती फळ भरायला लागल्यावरच पडते. अशा शेतकऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

महाकाय गंगाफळ ही वेगळी जात आहे का, आणि तिलाच खोडकूज अधिक का होते?

तीही भोपळ्याचीच वेल आहे, फक्त निवडीने मोठी केलेली. दक्षिण अमेरिकेत उगम असलेल्या मोठ्या भोपळ्याच्या प्रजातीतून कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या विंडसर येथील हॉवर्ड डिल यांनी अनेक वर्षे निवड करून ‘अटलांटिक जायंट’ ही जात तयार केली, आणि आज स्पर्धेत उतरणारी बहुतेक सर्व फळे तिच्याच वंशातली असतात. २०२३ साली कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथे तोललेले फळ सुमारे १,२४७ किलो भरले आणि त्या वेळी तो जागतिक विक्रम ठरला. इतक्या मोठ्या फळाचे वजन भराच्या दिवसांत रोज १५ ते २० किलोंनी वाढते. हे सगळे पाणी आणि अन्न ज्या खोडातून जाते ते लाकडासारखे कठीण नसते. ते मांसल, रसाळ आणि जून झाल्यावर आतून बरेचसे पोकळ असते. जलद वाढीमुळे त्याची साल उभी तडकते, पानांच्या दाट छत्रीमुळे बुंध्याशी वारा लागत नाही, आणि तडकलेल्या जागी पाणी थांबले की बुरशीला आत शिरायला वाट मिळते. घरगुती गंगाफळालाही हाच रोग होतो, पण त्या वेलीवर कोणाचे रोज लक्ष नसते आणि तिचे एखादे फळ कमी झाले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

खोडकूज नेमकी कोणत्या भागावर येते?

ती तीन ठिकाणी येते. पहिले ठिकाण म्हणजे वेल जमिनीतून वर येते तो बुंधा. दुसरे म्हणजे मुख्य वेलीवरची पेरे, म्हणजे पाने फुटतात त्या गाठी, विशेषतः जेथे पान किंवा बगलफूट (पानाच्या बगलेतून निघालेली फांदी) कापलेली असते. तिसरे म्हणजे फळाचा देठ वेलीला मिळतो तो सांधा. बुंध्यावरची कूज सर्वांत जास्त आढळते, पण ती सर्वांत घातक नाही. देठाची कूज क्वचित येते, आणि आली तर तिच्यापुढे फारसा इलाज चालत नाही.

वेल दुपारी मलूल होते. ही खोडकुजीची सुरुवात समजावी का?

तेवढ्यावरून नाही. भुसावळ किंवा रावेरच्या उन्हात एवढ्या मोठ्या पानांची वेल दुपारी मान टाकणारच. सूर्य कलल्यावर ती पुन्हा ताठ झाली तर चिंतेचे कारण नाही. सकाळी सात वाजताही पाने लोंबलेली दिसली, आणि माती हातात घेतल्यावर ओलसर लागली, तर मात्र त्याच क्षणी खाली बसून बुंधा तपासावा. येथेच सर्वांत मोठी चूक होते. मलूल वेल पाहून शेतकरी पाणी वाढवतो, आणि कुजणाऱ्या बुंध्याला नेमके तेच नको असते.

त्याचप्रमाणे खोडावर दिसणारा प्रत्येक चिकट थेंब हा रोग नसतो. काकडीवर्गातील कोणत्याही वेलीला जखम झाली की रस पाझरतो आणि सुकून डिंकासारखा दिसतो. त्या थेंबाखालची जागा बोटाने दाबून पाहावी. ती टणक असेल तर ती नुसती जखम आहे, बोट आत रुतले तर कूज आहे.

कूज कोणत्या प्रकारची आहे हे शेतात कसे ओळखावे?

प्रयोगशाळेशिवाय पूर्ण खात्री होत नाही, पण डोळे, बोट आणि नाक यांच्या आधारे बराच अंदाज बांधता येतो. फ्युजारियम बुरशीमुळे बुंधा जमिनीच्या पातळीवर तपकिरी होतो, कूज खोडाभोवती कड्यासारखी फिरते आणि अखेरीस वेल नेमकी तेथूनच तुटते. ओलावा असेल तर त्यावर पांढरट-गुलाबी बुरशी दिसते. फायटोप्थोरामुळे होणारी कूज बहुधा पाणी साचल्यानंतर एकाएकी येते. खोड पाण्यात उकडल्यासारखे गडद व मऊ पडते आणि दोन-चार दिवसांत अख्खी वेल बसते. स्क्लेरोशियम ही बुरशी उष्ण व दमट हवेत बुंध्याभोवती पांढरे, कापसासारखे धागे पसरते आणि त्यावर मोहरीच्या दाण्यांएवढ्या तपकिरी गाठी धरते. भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्याला हे दृश्य ओळखीचे असेल. डिंक्या करप्यात खोडावर फिकट चट्टे पडतात, त्यांतून तांबूस डिंक येतो आणि चट्ट्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. जिवाणूंची मऊ कूज मात्र नाकालाच कळते. केळीची कंदकूज ज्याने एकदा हाताळली आहे त्याला तो बुळबुळीत स्पर्श आणि ती दुर्गंधी वेगळी सांगावी लागत नाही.

प्रत्यक्षात एकच कारण क्वचित असते. बुरशी वाट करून देते आणि मागून जिवाणू येतात. म्हणूनच नाव शोधण्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा पुढच्या उत्तरातील काम त्याच दिवशी करावे.

कूज दिसल्यावर सर्वप्रथम काय करावे?

सर्वप्रथम त्या बुंध्याचे पाणी बंद करावे. त्यानंतर कोरड्या हवेची वेळ, म्हणजे सकाळी दव सुकल्यावर साधारण दहाच्या सुमारास, कामाला घ्यावी, म्हणजे कापलेल्या जागेला दिवसभराचा वारा मिळतो. बुंध्यावर सावली धरणारी दोन-चार जुनी पाने काढावीत आणि बुंध्याभोवतीची माती हाताने अलगद बाजूला करून कुजलेला भाग वरपासून खालपर्यंत उघडा करावा. धारदार चाकू स्पिरिटने पुसून घ्यावा आणि मऊ, तपकिरी झालेला सर्व भाग खरवडून काढावा. कोठवर काढायचे, हा खरा प्रश्न असतो. जोवर पाते रुतते तोवर काढावे, आणि टणक, फिकट हिरवा किंवा पांढरा गर लागला की थांबावे. हात आखडता घेतला तर कूज आतून चालूच राहते. उलट निम्मे खोड कापले गेले तरी उरलेले निम्मे वेलीला पोसू शकते, असा अनुभव आहे. प्रत्येक दोन-तीन कापांनंतर पाते पुन्हा पुसावे. कूज पोकळीत शिरली असेल आणि आत पाणी साचलेले असेल, तर खालच्या बाजूने छोटी चीर देऊन ते पाणी वाहून जाऊ द्यावे.

त्यानंतर जखम वाळवावी, आणि माझ्या मते संपूर्ण उपचारातील निम्मे यश या एका पायरीवर अवलंबून असते. परदेशातील हौशी उत्पादक बुंध्याजवळ छोटा पंखा दिवस-रात्र चालू ठेवतात. आपल्याकडे शेतातील वीज बेभरवशाची असल्यामुळे तो उपाय परसातल्या वेलीलाच जमतो; मळ्यात मात्र बुंध्याभोवतीची पाने विरळ करून पश्चिमेच्या वाऱ्याला वाट दिली तरी पुष्कळ फरक पडतो. मार्चनंतरच्या उन्हात उघडी जखम भाजते, म्हणून तिच्यावर दुपारपुरती सावली करावी, पण ती गोणपाट टाकून करू नये; फूटभर उंचीवर फळी किंवा पत्रा आडवा ठेवावा, म्हणजे खालून हवा खेळती राहते. जखम कोरडी झाल्यावर बुरशीनाशकाचा लेप द्यावा, ती पुन्हा मातीने झाकू नये, आणि तिसऱ्या दिवशी परत दाबून पाहावी. मऊपणा उरला असेल तर हे सर्व पुन्हा करावे लागते. काढलेला कुजका भाग उकिरड्यावर न टाकता शेताबाहेर खोल पुरावा किंवा वाळवून जाळावा.

लेप कशाचा द्यावा?

कॅप्टन या बुरशीनाशकाची पाण्यात मिसळणारी भुकटी थोड्या पाण्यात कालवून, दह्यासारखी दाट करून ब्रशने लावणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. हातमोजे घालावेत आणि डोळे जपावेत, कारण ही भुकटी डोळ्यांना फार झोंबते. डाळिंब किंवा लिंबूवर्गीय फळे करणाऱ्यांच्या घरात बोर्डो पेस्टचे साहित्य असतेच. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, अशी दोन वेगळी द्रावणे प्लास्टिकच्या भांड्यात करून ती एकत्र ढवळावीत. तयार पेस्टमध्ये लोखंडी पाते क्षणभर बुडवावे. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे असे समजून थोडा वाढवावा, अन्यथा मोकळे तांबे कोवळी साल जाळते. पेस्ट त्याच दिवशी वापरावी. कॉपर ऑक्सिक्लोराईडचा लेपही चालतो.

गंधकाविषयी मात्र जपून राहावे. थंड देशांत जखमेवर गंधक भुरभुरण्याची पद्धत आहे, परंतु काकडीवर्गातील वेलींना उष्ण हवेत गंधक सोसत नाही आणि तापमान पस्तिशीच्या आसपास गेले की करपा उठतो. खानदेशात डिसेंबर-जानेवारी सोडले तर हा उपाय न केलेला बरा.

राखेने जखम वरवर कोरडी होते, म्हणून हाताशी दुसरे काही नसेल तर चाळलेली राख लावण्यास हरकत नाही. शेण, ओली माती, मेण आणि चिकटपट्टी यांपैकी काहीही जखमेवर लावू नये, कारण या सर्वांमुळे ओलावा आत कोंडला जातो.

बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे त्याचे द्रावण मुळाशी ओतले, तर कापाकापी टळणार नाही का?

टळत नाही. कुजलेल्या पेशींतून औषध वर चढत नाही, आणि आळवणी म्हणजे शेवटी बुंध्याशी ओतलेले पाणीच असते. माझी पहिली मोठी वेल याच समजुतीने गेली. तिचा बुंधा तपकिरी दिसताच मी दुकानात जाऊन विचारले, तेथून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मिळाले, आणि आठवड्याच्या अंतराने तीन आळवण्या केल्या. प्रत्येक आळवणीनंतर दोन दिवस बुंधा ओला राहिला आणि चौथ्या आठवड्यात वेल हातात आली. त्या बुंध्याला फायटोप्थोरा होता, हे मला नंतर कळले. कार्बेन्डाझिम फायटोप्थोरावर किंवा त्याच्याच गटातल्या पिथियमवर चालत नाही. त्यांच्यासाठी मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब यांचे संयुक्त औषध लागते, आणि ते औषध फ्युजारियमवर तितके उपयोगाचे नाही.

म्हणून आळवणी करायचीच असेल तर ती कुजका भाग काढून झाल्यावर, रोगाचा प्रकार ओळखून आणि बुंध्यापासून दूर, मुळांच्या कक्षेत करावी. प्रमाण वेष्टनावर दिलेले असेल तेच पाळावे. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी हा प्रतिबंधक उपाय आहे. तो लागवडीच्या वेळी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून दिल्यास उपयोगी पडतो, पण पसरलेली कूज तो थांबवत नाही. रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी देऊ नये. दोहोंत किमान आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवावे.

बुंधा पूर्ण कुजला. आता फळ वाचेल का?

याचे उत्तर तुम्ही महिनाभर आधी काय केले होते यावर अवलंबून आहे. गंगाफळाच्या वेलीला प्रत्येक पेराशी मुळे फुटतात. वेल दीड-दोन मीटर लांब झाल्यापासून दर आठवड्याला तिची नवी पेरे बोटभर खोल चरीत बसवून वरून ओलसर, भुसभुशीत माती दिली असेल, तर दोन महिन्यांनी तुमच्याकडे एका बुंध्याच्या जोडीला वीस-पंचवीस छोटे बुंधे असतात, आणि वेल मूळ बुंध्यावर फारच थोडी अवलंबून राहते. अशा वेलीचा बुंधा पूर्ण गेला तर रडत बसू नये. निरोगी खोड लागेपर्यंत मागे येऊन, शक्यतो संध्याकाळी, वेल स्वच्छ कापावी, कापलेल्या टोकाला लेप द्यावा आणि ते टोक विटेवर टेकवून जमिनीपासून उचलून ठेवावे. पुढचे चार-पाच दिवस वेलीवर हिरवी शेडनेट धरावी आणि पुरलेल्या पेरांना थोडे थोडे पाणी द्यावे. फळाची वाढ मंदावते, पण थांबतेच असे नाही.

पेरे पुरलेलीच नसतील तर बुंध्याच्या वरची, अजून टणक असलेली पेरे लगेच मातीत दाबावीत. पेराला कामाची मुळे धरायला आठ-दहा दिवस तरी लागतात. तेवढ्या दिवसांसाठी बुंध्याचा जो काही निरोगी पट्टा उरला असेल तो जपणे एवढेच हाती असते.

एक अपवाद मात्र आहे. फळाच्या दोन्ही बाजूंची दोन-तीन पेरे मोकळी ठेवावीत आणि तेथे मुळे धरली असतील तर ती कापावीत. त्याचे कारण पुढच्या उत्तरात दिले आहे.

फळाच्या देठाशी तडा गेला असून तेथे पाणी सुटले आहे. काय करावे?

फळ जसजसे फुगते तसतसे त्याचे खांदे वेलीला वर आणि मागे ढकलतात. तेथील पेरे मातीला घट्ट धरून असतील तर वेल उचलली जात नाही, ताण देठावर येतो आणि देठ सांध्याशी फाटतो. म्हणून फळ नारळाएवढे असतानाच ते रोज थोडे थोडे फिरवून देठ वेलीशी काटकोनात येईल असे बसवावे. हे काम दुपारनंतर करावे, कारण सकाळी देठ पाण्याने टच्च भरलेला आणि ठिसूळ असतो. तडा गेलाच असेल तर तो कापून रुंद करू नये. कोरड्या फडक्याने टिपून त्यावर कॅप्टनचा पातळ लेप द्यावा, वरच्या पानांची सावली ठेवावी, पण त्या जागेवर फवारणीचे किंवा पावसाचे पाणी पडू देऊ नये. फळाखाली माती नसावी. गिरणेची किंवा तापीची जाड वाळू चार बोटे पसरली की तळाचा ओलावा निचरतो.

काळ्या जमिनीत पाणी कसे द्यावे?

तापीकाठची भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते, फुगते आणि सुकताना भेगाळते. भेग बुंध्याजवळून गेली तर बारीक मुळे तुटतात आणि सालही फाटते. म्हणून येथे दोन टोके टाळावी लागतात: बुंध्याशी सतत ओल नको आणि सर्व बाजूंनी पूर्ण सुकणेही नको. लागवड फूटभर उंच व रुंद गादीवाफ्यावर करावी, बुंध्याभोवती वीतभर घेराची वाळू टाकावी आणि ठिबकची नळी रोप महिन्याचे झाल्यावर बुंध्यापासून दीड फूट सरकवावी. माझ्या पाहण्यात खानदेशातल्या खोडकुजीचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे, की रोपासाठी ठेवलेला ड्रिपर वेल मोठी झाल्यावरही त्याच जागी थेंब सोडत राहतो. मोठ्या वेलीची तहान बुंध्याशी नसते. ती दूर पसरलेल्या मुळांकडे असते. पाणी सकाळी द्यावे, आणि पाटाने द्यावे लागत असेल तर एक सरी आड.

पाने व बगलफुटी कापल्यामुळे कूज येते का?

येते, कारण गंगाफळाच्या पानाचा देठ नळीसारखा पोकळ असतो आणि मधोमध कापला की त्यात पावसाचे किंवा दवाचे पाणी साचून ते थेट पेराशी मुरते. पान काढताना देठाचा दोन-तीन इंचांचा खुंट ठेवून त्याला खालून चीर द्यावी, आणि खुंट वाळून आपोआप सुटला की काढून टाकावा. ढगाळ दिवशी कापणी करू नये.

ही वेल पोखरणारी अळी तर नसेल?

परदेशी माहितीत ज्या अळीचे नाव वारंवार येते ती अमेरिका खंडातील आहे. आपल्याकडे आधी संशय घ्यावा तो तांबड्या भुंगेऱ्यांचा. त्यांचे प्रौढ पाने खातात हे सर्वांना दिसते, पण त्यांच्या अळ्या जमिनीत राहून मुळे आणि बुंध्याचा जमिनीखालचा भाग पोखरतात, आणि त्याच छिद्रातून कूज आत जाते. रोप लहान असतानाच सकाळी, भुंगेरे सुस्त असताना, ते वेचून मारावेत.

केळीच्या बागेत किंवा बागेच्या कडेला ही वेल लावावी का?

लावू नये, आणि याचे कारण खोडकुजीपेक्षा मोठे आहे. केळीवर येणारा हरण्या रोग काकडीवरील मोझॅक विषाणूमुळे होतो. हा विषाणू काकडीवर्गातील वेलींवर राहतो आणि मावा तो केळीवर नेतो. रावेर-यावल पट्ट्यात हौसेच्या एका फळापायी शेजाऱ्याची बाग धोक्यात घालणे योग्य नाही.

लागवड कोणत्या महिन्यात केल्यास कूज कमी येते?

या जातीला बी टोकल्यापासून काढणीपर्यंत साधारण १३० ते १५० दिवस लागतात आणि खानदेशात तिला पूर्ण मानवणारा असा सलग काळ मिळत नाही. जूनमध्ये लावल्यास सगळा पावसाळा बुंध्यावरून जातो. जानेवारीत लावल्यास फळ भरण्याच्या वेळी पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि वेल भाजते. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीस, गादीवाफ्यावर आणि परतीच्या पावसापासून बुंध्याला आडोसा देऊन केलेली लागवड मला त्यातल्या त्यात बरी वाटते. तिची वाढ थंडीच्या रात्रींत मंदावते, हे मात्र धरून चालावे.

एकदा कूज आलेल्या जागी पुढच्या वर्षी लावता येईल का?

शक्यतो नको. फ्युजारियमचा हा प्रकार जमिनीत दोन-तीन वर्षे टिकतो, स्क्लेरोशियमच्या गाठी आणि फायटोप्थोराचे बीजाणू त्याहून अधिक काळ. जागा बदलणे शक्यच नसेल तर आपल्या उन्हाचा उपयोग करून घ्यावा. एप्रिल-मे महिन्यांत जमीन नांगरून, भरपूर पाणी देऊन, तिच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक चहूबाजूंनी मातीत दाबून सहा आठवडे पसरावे. काळे प्लास्टिक येथे कामाचे नाही, कारण त्याखाली माती तेवढी तापत नाही. रोगट वेलीच्या फळातील बी ठेवू नये.

अशा वेलीचे फळ खाण्यास योग्य असते का?

कूज फळात उतरलेली नसेल आणि वापरलेल्या औषधाच्या वेष्टनावरील काढणीपूर्व कालावधी पाळला असेल तर ते खाता येते. चवीची अपेक्षा मात्र ठेवू नये; गर पाणचट आणि रेषाळ असतो, आणि भंडाऱ्याची भाजी गावरान गंगाफळाचीच करावी.

नमुना कोणाला दाखवावा?

धुळ्याचे कृषी महाविद्यालय किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र, उदाहरणार्थ रावेर तालुक्यातील पाल येथील केंद्र, येथे रोगाची ओळख करून घेता येते. नमुना नेताना पूर्ण कुजलेला तुकडा नेऊ नये, कारण त्यात मूळ बुरशीवर जिवाणूंनी कुरघोडी केलेली असते. निरोगी आणि रोगट भाग जेथे मिळतात तेथील वीतभर तुकडा, थोडी मुळे आणि बुंध्याजवळची मूठभर माती घ्यावी. तुकडा कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये, आणि तो त्याच दिवशी पोहोचेल अशा बेताने सकाळी निघावे.